निळे, करडे आणि आमचे व्याही

आमचे व्याही मला पहिल्यांदा दिसले ते मरून पडलेले. जॉर्जियातल्या एका जुन्या गावाबाहेरच्या माळावर, तोफांच्या धुरात, करडा कोट घालून ते हातपाय पसरून पडले होते. लेकीने बोट दाखवलं, "आई, ते बघ, कुंपणाजवळचे." मी सवयीने हात जोडले. मेलेल्या माणसाला नमस्कार कसा पोचणार, हे नंतर लक्षात आलं.

तेव्हा ते व्याही झालेले नव्हते, व्हायचे होते. लेक अमेरिकेतच जन्मली, आम्ही राहतो त्या अल्फारेटात वाढली, आणि तिने स्वतःच ठरवलेला मुलगा या गावचा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली एक लढाई या माळावर झाली होती. तिच्या स्मृतिदिनाला गावकरी दरवर्षी ती नाटकासारखी पुन्हा लढतात, आणि नेमक्या त्याच दिवशी मुलाच्या वडिलांनी आम्हाला पहिल्या भेटीला बोलावलं होतं. सोयरीक जुळवायला माणसं चहाला बोलावतात. लढाईला का बोलावतात, इथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

खरी धास्ती त्या कोटाची होती. निळा कोट उत्तरेचा, करडा दक्षिणेचा, आणि दक्षिण लढली ती गुलामगिरी टिकवायला. लेकीच्या शाळेच्या पुस्तकांमुळे एवढं मलाही माहीत होतं. निघताना मी तिला विचारलं, "ते कुठल्या साईडने लढतात गं?" तर म्हणाली, "कॉम्प्लिकेटेड आहे, आई. तू आधी मीट तर कर." माझी सावळी पोर ज्या घरात जाणार, तिथे तिला माणसासारखं वागवतील की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आणि कोट निघाला करडा.

आजूबाजूला मात्र कोणालाच काही गंभीर वाटत नव्हतं. लोक घडीच्या खुर्च्या टाकून लिंबूसरबत पीत होते. करडे ही लढाई हरले होते म्हणे. म्हणजे हरलेल्यांच्या गावात हरल्याचा उत्सव चालला होता, आणि टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते कोणी सांगत नव्हतं. निळे पुढे सरकले तेव्हा मी वाजवल्या, तर पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळून बघायला लागल्या.

"अगं, आपण नाही का पानिपत रंगवून सांगत?" नवरा म्हणाला. तो ढोल ऐकून कधीच पाघळला होता.

"सांगतो. पण सरबत पीत नाही सांगत."

शिट्टी वाजली तशी सगळी प्रेतं उठली, गुडघे झटकले आणि एकमेकांना टाळ्या देऊ लागली. आमचे व्याही थेट आमच्याकडेच आले. उंच माणूस, पांढरी दाढी, कपाळावरून घाम ओघळतोय. टोपी काढून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी घरून शाल-नारळ आणला होता, पण तो कोट बघितल्यावर ठरवून टाकलं होतं, पिशवी उघडायची नाही. नवऱ्याने माझ्या हातातून पिशवी ओढली आणि भर माळावर, त्या करड्या कोटावर शाल पांघरली. वर नारळ हातात दिला. लोकांनी फोटो काढले. धरणीने मला पोटात घेतलं असतं तर फार बरं झालं असतं.

दुपारी दुसरी लढाई होती. पहिल्याच फळीत आमचे व्याही, आणि या वेळी अंगात निळा कोट. मला वाटलं, उन्हाने माझं डोकं फिरलंय.

"काकू," मुलगा म्हणाला. हा एवढा एक शब्द लेकीने त्याला शिकवला होता, बाकी सगळं इंग्रजीत. "दुपारी निळ्यांना माणसं कमी पडतात. मग डॅड तिकडून लढतात."

आता मला रागच आला. हा माणूस गाडीच्या डिकीत दोन कोट घेऊन हिंडतो. याच्यावर विश्वास तरी कुठल्या वेळी ठेवायचा, सकाळी की दुपारी?

लढाई संपल्यावर नवरा तोफ बघायला गेला आणि मुलं खुर्च्या गाडीत टाकायला गेली. झाडाखालच्या टेबलाशी आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी सरळ विचारलं, "तुम्ही नेमके कोणाचे?"

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, त्यांच्या खापरपणजोबांचे वडील करड्या कोटात याच माळावर मेले. "सकाळी मी त्यांच्यासाठी पडतो. पण ते जिंकले नाहीत ते बरं झालं, हेही मला कळतं. म्हणून दुपारी..." तिथेच अडकले. "मॅडम, मला नीट सांगता येत नाही. कधीच आलं नाही."

"आणि माझी मुलगी?"

त्यांनी गाडीकडे बघितलं. "तिनेही पहिल्याच दिवशी हेच विचारलं. माझ्या गराजमध्ये दक्षिणेचा जुना झेंडा होता. ती म्हणाली, हा इथे आहे तोवर मी या घरात जेवणार नाही. मी चिडलो. ती बाहेर पायरीवर बसून सँडविच खायची. थंडी होती, तरी दर खेपेला तिथेच बसायची. शेवटी मी तो उतरवला."

"टाकून दिलात?"

"नाही," ते म्हणाले. "पेटीत आहे. टाकवत नाही."

खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. या माणसाचा राग धरावा की आभार मानावेत, ते मला कळेना, म्हणून मी नुसतीच मान हलवली.

परतताना लेक गाडी चालवत होती आणि मागे तिचे बाबा झोपले होते. ती थंडीत पायरीवर बसून जेवतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं. मी आज तिच्यासाठी पारख करायला निघाले होते, आणि ती सगळी तिने एकटीने केव्हाच करून ठेवली होती.

"इतकं झालं, मला एका शब्दाने बोलली नाहीस," मी म्हटलं.

एरवी ती इंग्रजीतच उत्तर देते. या वेळी मराठीत बोलली, सावकाश, शब्द शोधत.

"तू म्हणाली असतीस, सोड त्याला. आणि मी सोडलं असतं, आई."