डावीकडच्या सीटचा आवाज

दादाची आणि माझी शेवटची भेट भांडणात झाली, आणि आमच्या घरात त्यालाच प्रेम म्हणतात. रविवारी सकाळी तो मला न्यायला आला, तर गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच अभंगातले टाळ माझ्या स्वयंपाकघरात पोचले. मागच्या सीटवर बसता बसता मी ओरडले, दादा, कानात सुया टोचतात रे, कमी कर जरा. तो आरशातून हसला. "तुझ्यासाठी लावलंय व्हय ते?" पुढे डावीकडे वहिनी बसल्या होत्या, खिडकीबाहेर बघत, मजेत गुणगुणत. दोन दिवसांनी पहाटे वहिनींचा फोन आला... दादा झोपेतच गेला होता.

शाळेतल्या पोरांना तो निवृत्त होईपर्यंत गणिताचा कडक सर. मला मात्र सगळ्या गोष्टींत नाक खुपसणारा थोरला भाऊ. वहिनी भजनी मंडळात पुढे बसून गायच्या. साठीनंतर त्यांचे कान कमी झाले. आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. 'स', 'श', 'त' कुठेतरी गळून पडायचे. कानाचं यंत्र लावून बघितलं, तर भांड्यांचा खणखणाट सोसेना, ते डबीत गेलं ते गेलंच. एकदा मंडळात त्या भलत्याच कडव्यावर गेल्या, बायका हसल्या, आणि त्या दिवसापासून वहिनींनी गाणं टाकलं. ओट्याशीसुद्धा गुणगुणायच्या नाहीत. दादाला हे फार लागलं. घरात टेप मोठा केला की शेजारी दारात येतात, पण गाडीच्या काचा वर केल्या की आपलंच राज्य, असं त्याने गणित मांडलं आणि कामाला लागला.

मग काय विचारता! अख्खा उन्हाळा त्याने आमचं डोकं खाल्लं. माझ्या हातातली चाळण ओढून घ्यायचा आणि गाडीच्या साउंडमधला क्रॉसओव्हर समजावून सांगायचा. पीठ वेगळं, कोंडा वेगळा, तसा जाडा आवाज दारातल्या मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज वरच्या चिमुकल्या स्पीकरला, म्हणजे ट्विटरला. आणि अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये जायच्या आधीच गाणं चाळून घ्यायचं. मी म्हटलं, दादा, चाळण दे, पाहुणे जेवायचे आहेत. त्याचा जीव जडला होता एका साध्या क्रॉसओव्हरवर. लोखंडी डबा, चार बटणं, बिघडलं तर पाना घेऊन स्वतः उघडता येणारा. पण उचगावात गाड्यांना साउंड बसवणारा इम्रान स्पष्ट बोलला. "सर, ह्यो डबा गाणं चाळून दील. काकींना जे ऐकू येत न्हाय, ते उचलून न्हाय देणार. त्याला प्रोसेसर लागतोय." प्रोसेसरमध्ये म्हणे आवाजाचा हवा तो तुकडा लॅपटॉपवरून वर-खाली करता येतो, आणि जवळचा स्पीकर किंचित उशिरा वाजवून सगळा आवाज एका सीटवर एकदम पोचवता येतो. दर वेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपपुढे हात जोडायचे, हे दादाला अजिबात पटेना. आठवडाभर फुरंगटून बसला आणि मग गुपचूप प्रोसेसरच सांगून आला.

बसवायच्या दिवशी मीही गेले होते, तमाशा बघायला. असा आवाज जुळवताना तो मोजायचा माईक ड्रायव्हरच्या डोक्यापाशी धरतात. दादाने वहिनींना डावीकडे बसवलं आणि माईक त्यांच्या कानापाशी धरायला लावला. रिकामं बसणं वहिनींना ठाऊक नाही, त्यांनी मांडीवर घेवड्याच्या शेंगा घेतलेल्या. काकी, शेंगा मोडू नका, माईकमध्ये वाजतंय, असं इम्रान काकुळतीने सांगत होता. मग त्याने एक अभंग लावला आणि एकेक आवाज उचलत गेला. वहिनी मान हलवत राहिल्या, न्हाय, अजून न्हाय... आणि एकदम त्यांचा हात शेंगांवरच थांबला.

"अहो, शब्द कळतोय की."

दादाने चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. इम्रानने सुचवलं, सर, यात दोन सेटिंगं राहतात, एक काकींचं ठेवतो, एक तुमचं, बटण दाबलं की बदलेल. दादा म्हणाला, "दोन बटणं ठेवली की माणूस आपलंच दाबतंय. एकच ठेव."

तेव्हापासून तो वहिनींच्या कानाला जुळलेल्या, बाकीच्यांना कर्कश अशा आवाजात गाडी हाकत राहिला. एवढा खटाटोप करून हे काय ऐकतोस, म्हणून मित्र चेष्टा करायचे, आणि हा पठ्ठ्या खुशीत. वहिनी शेजारी मोकळ्या गळ्याने गायच्या. फक्त गाडीत, फक्त त्याच्याशेजारी.

आणि तोच गेला. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, गाडी दारात धूळ खात उभी, आणि वहिनी तिकडे ढुंकूनही बघेनात. एवढ्या हौसेने परत आणलेलं गाणं दादा बरोबर घेऊन गेला की काय... गेल्या आठवड्यात मी किल्ली उचलली. म्हटलं, वहिनी, बॅटरी उतरेल, चला. त्या डावीकडे येऊन बसल्या. रंकाळ्यापाशी मी अभंग लावला. पहिलं कडवं त्या नुसत्या ऐकत होत्या, पदर तोंडाशी धरून. दुसऱ्याला गळा उघडला. माझे कान किटत होते, डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. आवाज कमी करायची माझी छाती झाली नाही.

घर आलं, तशी मी गाडी हळू केली. वहिनींनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"वन्सं, दारात लावू नका. अजून एक कडवं हाय."

मी गाडी तशीच पुढे काढली.