रुखवतातली स्नोची बरणी

काल दुपारी माजिवड्याला नातीकडे गेलेले. तिच्या क्रीमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात घटक छापले होते, आणि पहिलाच घटक पाणी! मला एकदम हसू फुटलं... कारण याच पाण्यावरून कल्याणला एका लग्नात झालेली चेष्टा आठवली.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. माझी मावसबहीण कुमुद इंटर सायन्स झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, कोलशेतच्या एका कारखान्यात हिशेबनीस. माणसं चांगली, पण कुमुदला बीएस्सी पुरं करायचं होतं आणि सासरकडून उत्तर आलं होतं, "लग्नानंतर बघू." या 'बघू'चा अर्थ त्या काळी कुठल्याही मुलीला ठाऊक असे.

मावशीने तिला बजावलं होतं, कॉलेजचं नाव काढायचं नाही. कुमुदने काढलं नाही. तिने फक्त रुखवतात मांडायला घरी स्नो केला.

तेव्हा चेहऱ्याला लावायच्या क्रीमला आम्ही स्नोच म्हणायचो. एका मासिकातून कृती उतरवून तिने तो शेगडीवर शिजवला. दोनदा फुटला, तिसऱ्यांदा असा पांढराशुभ्र जमला की आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो.

माझं अक्षर बरं, म्हणून लेबल माझ्याकडे. मी झोकात सुरुवात केली, 'केशर-चंदनयुक्त'...

"विजू, केशर घातलंय आपण?"

"नाही गं, पण शोभतं."

"खोड ते. जे घातलंय तेच लिही. जे जास्त ते आधी."

मग मी लिहिलं. पाणी. स्टिअरिक ॲसिड. ग्लिसरीन. पोटॅश. गुलाबाचं अत्तर. स्टिअरिक ॲसिड म्हणजे स्नो घट्ट करणारा मेणासारखा पांढरा पदार्थ; त्याच्यापुढे तिने आणखी एक ओळ लिहायला लावली. मी म्हटलं, "वेडी आहेस का?" पण ती ऐकेना.

लग्न लागलं, आणि जेवणाआधी ठाण्याच्या बायका रुखवत बघायला आल्या. कापसाचं तुळशीवृंदावन, साखरेची फळं, भातुकली... आणि मधोमध आमची बरणी. करवलीने ती उचलली आणि मोठ्याने वाचलं, "पाणी! अगबाई, कल्याणकरांनी बरणीत भरून पाणी दिलंय!"

"तुमच्याकडे खाडीचं खारट ना," आमची आत्या लगेच म्हणाली, "म्हणून गोडं पाठवतोय!"

सगळा मांडव हसला. वरमाईसुद्धा हसल्या. त्यांना सगळे माई म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या फार कडक, पण स्वभावाने मोकळ्या. त्यांनी बोटावर स्नो घेतला, मनगटाला लावायला गेल्या... आणि करवलीने पुढची ओळ वाचली.

"स्टिअरिक ॲसिड, बाजारातून आणलेले. तेलापासून केलेले की चरबीपासून, ते माहीत नाही."

हसू जिथल्या तिथे थांबलं. माईंचं बोट हवेतच राहिलं. कुणीतरी तांब्या आणला, माईंनी हात धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

मावशीचा चेहरा उतरला. "लिहिण्यात चूक झाली हो. ही आमची विजू... पोरकट आहे जरा." मी मान डोलवायच्या बेतात होते. बहिणीसाठी पोरकट ठरायला माझी काही हरकत नव्हती.

पण कुमुद पुढे आली. मुंडावळ्या बांधलेल्या, गळ्यात कोरं मंगळसूत्र. "विजू नाही चुकली. मीच लिहायला सांगितलं. दुकानदाराला विचारलं होतं, त्यालाही माहीत नव्हतं."

माईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग ते वगळायचं होतंस. कोण विचारणार होतं?"

"तुम्ही हाताला लावलं असतंत ना."

कुमुद एवढंच म्हणाली. मला वाटलं, संपलं आता... कॉलेज राहू दे, सासरचे पहिले काही महिनेसुद्धा जड जाणार हिला.

माई बरणी हातात न घेता नुसतं वाकून लेबल बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कळतं कसं? वासावरून?"

"नाही. कॉलेजात तपासून कळत असेल. अजून तिथवर आमचं शिकून झालेलं नाही."

मग माईंनी मांडवाच्या त्या टोकाला बसलेल्या नवरदेवाला हाक मारली. "अरे, हिचं कॉलेज उघडतं कधी?"

तो गडबडून उभाच राहिला. "जूनमध्ये... बहुतेक."

"बहुतेक नको. नीट चौकशी कर आणि फी भरून टाक. हिला शोधून काढू दे हे." आणि करवलीला म्हणाल्या, "तोवर ही बरणी देवघरापासून लांब ठेवायची. कळलं?"

आत्या टाळ्या वाजवायला लागली. मावशी पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. कुमुदने बरणीचं झाकण लावलं आणि ती वाकून नमस्कार करायला गेली, तर माई म्हणाल्या, "थांब, आधी हात धू. स्नो लागलाय."

कुमुद बीएस्सी झाली, चांगल्या मार्कांनी. पेढे द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "काय गं, त्या ॲसिडचं कोडं सुटलं का?"

"छे. एकदा ते शुद्ध केलं की तेलाचं का चरबीचं, सहजी सांगता येत नाही. माईंना खरं ते सांगून टाकलं."

"मग? काय म्हणाल्या?"

कुमुद हसत सुटली. "म्हणाल्या, मग एमएस्सीत शिकवतात का?"

'माहीत नाही' असं सरळ लिहिणारी माणसं मला पुढे वर्तमानपत्राच्या नोकरीत थोडीफार भेटली. पण ते वाचून सुनेची फी भरणारी सासू... मी तरी एकच पाहिली.