चायनीज हॉटेलातली पंगत

सासुरवाडीत मला एकदा मोठा मान मिळाला होता. तो सूप गार होईपर्यंत टिकला.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. माझे सासरे तात्या हे निवृत्त हेडमास्तर. महिन्यातून एकदा सगळ्या कुटुंबानं बाहेर जेवायचं, अशी त्यांची शिस्त होती (मौजसुद्धा शिस्तीतच करायची!). हॉटेल निवडण्याचा हक्क थोरल्या जावयाचा, म्हणजे माझे साडू बाळासाहेब यांचा. ते येवल्याहून एसटीनं येत आणि दर वेळी त्याच थाळीच्या हॉटेलात नेत. एकदा मी म्हणालो, "जग कुठे चाललंय! चायनीज खाऊ या."

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ठीक. या खेपेला तुम्ही निवडा. जमलं तर यापुढे तुम्हीच. नाही जमलं तर थाळी, आणि हा विषय बंद!"

मी गावभर हिंडलो. पहिल्या हॉटेलातला भिंतीवरचा ड्रॅगन रंगाऱ्यानं बहुधा पोळ्याचा बैल समोर ठेवून काढला होता. दुसऱ्यात मंचुरियनबरोबर सांबार यायचं. गंगापूर रोडवरच्या तिसऱ्यात मात्र लाल कंदील, मंद अंधार आणि वेटरच्या गळ्यात बो! एरवी मी थाटामाटाची यथेच्छ टिंगल करतो. पण तो वेटर कमरेत वाकून 'गुड ईव्हनिंग, सर' म्हणाला आणि मी विरघळलो. हेच!

निघताना मी सगळ्यांना बजावलं, "तिथे गोंधळ नको. मी करीन तसंच करायचं."

सूप आलं. सगळे माझ्याकडे बघत बसले. मी तात्यांकडे, कारण त्यांच्याआधी चमचा उचलण्याची घरात कुणाची छाती नव्हती. आणि तात्या? ते हाताची घडी घालून स्वस्थ! पान पूर्ण वाढून होईपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. भात यायचाच होता.

"अहो, सुरुवात करा ना," बायको कुजबुजली.

"तात्या करू देत."

"ते भाताची वाट बघतायत!"

"साडूभाऊ," बाळासाहेब टेबलावरून वाकून म्हणाले, "हितं नुसतं बघायचंच असतं काय? तसं बघायला लय भारी हाय!"

सुपावर साय धरली. वेटर येऊन हळूच म्हणाला, "पसंद नहीं आया, साब?" सगळ्यांसमोर आमची पद्धत काय समजावणार? मी गूढ हसलो. त्यानं सूप उचलून नेलं! मग नूडल्स आले. कुणी हलेना. मी पुन्हा हसलो. नूडल्सही गेले! तेवढ्यात खानसामा पदराला नव्हे, पण ॲप्रनला हात पुसत रडवेला बाहेर आला. "मेरे खाने में क्या खराबी है?"

आता सासूबाई उठल्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो.

"खराबी काही नाही रे बाबा! गरम करून सगळं एकदम आण. मी वाढते."

आणि त्या लाल कंदिलांखाली माईंनी पदर खोचून पंगत वाढली. आधी भात, बाजूला मंचुरियन, वर नूडल्स. तात्या म्हणाले, "करा सुरुवात!" मंडळी तुटून पडली. माईंचा आग्रह तर विचारू नका! "जावईबापू, अजून एक मंचुरियन! लाजू नका!" शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "आजी, इकडेही जरा नूडल्स फिरवा की." माईंनी फिरवले! खानसामा भरल्या डोळ्यांनी पाहत होता. त्याच्या नूडल्सना एवढा आग्रह आजवर कुणी केला नव्हता.

हात पुसत तात्यांनी निकाल दिला. "हॉटेल उत्तम. यापुढे इथेच."

मी बाळासाहेबांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"मात्र," तात्या पुढे म्हणाले, "ठरवायचं, मागवायचं आणि वाढायचं, सगळं माईंनी. तुम्ही आधी येऊन खुर्च्या धरा."

तेव्हापासून दर महिन्याला मी आधी जाऊन खुर्च्या धरू लागलो. तो बो घातलेला वेटर मला ओळखायचा. फक्त 'गुड ईव्हनिंग' म्हणायचा नाही आणि वाकायचाही नाही. नुसता आत ओरडायचा, "माताजी का दामाद आ गया! माताजी आने तक कुछ मत देना!"