सुरक्षेपुरती सूट

अक्कांनी मला ऑफिसात बसवून कॉफी दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या केंद्रात ठेवल्यापासून मी दर रविवारी जात होते. होसकोटेच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक दुमजली भाड्याचं घर लागतं. तिथे अक्का डिमेन्शिया झालेली म्हातारी माणसं सांभाळत. पूर्वी त्या नर्स होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण तिथे येणारा प्रत्येक जण त्यांना अक्काच म्हणे. आमचं बोलणं कामापुरतं. अप्पा जेवले का, झोप लागली का, झालं. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, कॉफीचा पेला हातात दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही आमच्याबरोबर आमदारांना भेटायला याल का?”

सरकार अशा केंद्रांसाठी नवा कायदा आणत होतं. मसुदा लोकांसमोर ठेवला होता, सूचना मागवल्या होत्या. केंद्रं चालवणाऱ्यांची एक संघटना होती आणि ती आपलं म्हणणं घेऊन मसुद्याच्या समितीवरच्या आमदारांकडे चालली होती. “नुसते मालक गेले तर वाटतं, आपल्या फायद्यासाठी बोलतायत,” अक्का म्हणाल्या. “घरचं कुणी सोबत असलं की ऐकतात.”

“एवढ्या घरच्यांतून मीच का?”

“तुम्ही कन्नड चांगलं बोलता. आणि तुम्ही दर रविवारी येता.”

दोन्ही खरं होतं. आमचं घराणं किती पिढ्यांपासून बेंगळुरात आहे हे आम्हालाही धड सांगता येत नाही. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर कन्नड. तरीही उत्तर मला पटलं नाही. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. समोर आलेला प्रत्येक सुटा भाग खोटा आहे असं धरूनच हातात घ्यायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. घरचे म्हणतात, ही माणसांनाही तशीच हाताळते.

तरी मी हो म्हटलं. नाही म्हटलं तर त्याचा राग अप्पांवर निघेल, अशी धास्ती वाटली. अक्कांनी तसं काहीच सुचवलं नव्हतं. पण ज्याच्या हातात आपला माणूस सोपवलेला असतो, त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

संघटनेची बैठक महादेवपुऱ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्ष पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. त्यांची केंद्रं मोठी होती, आयटीतल्या पोरांचे आईवडील ठेवायची. माझ्यापाशी येऊन हिंदीत म्हणाले, “मॅडम, आपके पिताजी की कहानी बहुत दर्दनाक है.” ती कहाणी त्यांना कुणी सांगितली, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

कहाणी अशी होती. अप्पा एकदा घरातून निघून गेले होते. पायात चपला नाहीत, खिशात काही नाही. दोन दिवस आम्ही शहर पालथं घातलं. सापडले तेव्हा ते एका अर्धवट इमारतीच्या पायऱ्यांवर बसले होते, ओठ सुकलेले, मजुरांना सूचना देत. आयुष्यभर सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते ते. त्या दिवसानंतर घरी ठेवायचा धीर माझ्यात उरला नाही.

अध्यक्षांना आमदारांसमोर हेच हवं होतं. मसुद्यात एक कलम होतं, केंद्रातल्या कुणाही माणसाला बांधून किंवा कोंडून ठेवता येणार नाही. संघटनेला त्यापुढे एक तुकडा जोडून हवा होता, ‘रहिवाशाच्या सुरक्षेसाठी आवश्यक असेल तेवढं सोडून.’

“आवश्यक आहे हे ठरवणार कोण?” मी विचारलं.

अध्यक्ष हसले. “मॅडम, शेवटी सगळा विश्वासाचा मामला आहे.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्या बिस्किटाच्या बशीकडे बघत होत्या.

पुढच्या रविवारी अप्पा खिडकीशी बसले होते. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती, काँक्रीटचं मशीन घरघरत होतं. मी त्यांना केळं सोलून दिलं. ते खाता खाता म्हणाले, “सकाळी बांधतात.”

“हो ना अप्पा. सकाळी लवकर सुरू करतात वाटतं. चौथा मजला चढला बघा.”

त्यांनी केळं खाली ठेवलं. पूर्वी कंत्राटदारावर चिडायचे तसे माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही मनगटं जुळवून माझ्यासमोर धरली. “बांधतात, पोरी.”

मी मनगटं उलटसुलट करून बघितली. वळ नाही, काही नाही. म्हाताऱ्या कातडीवर तसेही डाग कशाचे आणि कधीचे, ते कुणी सांगावं? तिथल्या कामवाल्या मुली ओडिशाकडच्या, अक्का कन्नड. अप्पा आता घरच्या मराठीखेरीज काही बोलत नव्हते. म्हणजे हे वाक्य त्या घरात माझ्याशिवाय कुणाला कळणारच नव्हतं. आणि बोलणारा माणूस असा, की त्याच दुपारी मला त्याने आईच्या नावाने हाक मारली होती. विश्वास ठेवावा तरी कसा, न ठेवावा तरी कसा?

निघताना मी अक्कांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “अप्पा काहीतरी बांधायचं म्हणतायत.”

“शेजारी बांधकाम चाललंय ना, तेच डोक्यात असेल,” त्या म्हणाल्या.

उत्तर बरोबर होतं. फक्त फार लवकर आलं होतं.

केंद्रात भेटीची वेळ दुपारची. सकाळी म्हाताऱ्यांची गडबड असते, पाहुणे आले की बिथरतात, असं सुरुवातीलाच सांगितलेलं. मलाही ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. त्या आठवड्यात मी रजा टाकली आणि सकाळीच गेले. पाण्याचे कॅन उतरवणारी गाडी दारात उभी होती, गेट उघडं होतं. मी कुणाला न विचारता जिना चढले.

अप्पा खुर्चीत होते. कमरेभोवती जुन्या सुती साडीची पट्टी, खुर्चीच्या पाठीमागे गाठ. दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांना बांधलेली, खाली टॉवेलची घडी, वळ उठू नये म्हणून. भिंतीला लागून आणखी तिघं तसेच बसलेले. टीव्हीवर भजन चालू होतं. कुणी ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. अप्पा टीव्हीकडे बघत होते, एखाद्या ऑफिसात आपला नंबर यायची वाट बघावी तसे.

मी गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती, सुटेना. अप्पा मला म्हणाले, “सावकाश, घाई नको.”

मागून अक्का आल्या. साडी खोचलेली, कोपरापर्यंत साबण, कुणाला तरी अंघोळ घालत होत्या. मला बघून थबकल्या. मला वाटलं आता सारवासारव करतील.

“होय,” त्या म्हणाल्या. “बांधते. सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत.”

“माझ्या तोंडावर खोटं बोललात तुम्ही.”

“बोलले. एक मुलगी काम सोडून गेली, दुसरी मिळत नाही. मी न्हाणीत असले की तुमचे अप्पा जिना उतरतात. एकदा तिसऱ्या पायरीवर पकडलंय त्यांना.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना घेऊन गेला असता.” त्यांनी पदराने हात पुसले. “कुठे नेलं असतं?”

मी उरलेल्या गाठी सोडल्या. अप्पांना मीच अंघोळ घातली, पहिल्यांदाच. त्यांची पाठ एवढी अरुंद झाली होती हे मला माहीत नव्हतं.

नंतरच्या दिवसांत मी दुसरी केंद्रं बघितली. सगळीकडे फरशी चकचकीत, सगळीकडे हसून स्वागत आणि सगळीकडे भेटीची वेळ दुपारची. तेवढं ऐकलं की मी उठत असे. अप्पा होते तिथेच राहिले. इथे काय चालतं ते निदान मला ठाऊक होतं.

आमदारांच्या भेटीच्या आदल्या दिवशी अक्कांचा फोन आला. “उद्या येताय ना?”

मी चकित झाले. एवढं बघितल्यावरही ही बाई मला का नेते आहे? मी बाहेर कुठे बोलू नये म्हणून डोळ्यांसमोर ठेवते आहे का? “येते,” मी म्हटलं. मी काय बोलणार हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आम्ही तिघं गेलो, अध्यक्ष, अक्का आणि मी. गाडीत अध्यक्ष मला समजावत होते, “फक्त हरवल्याचं सांगा, मॅडम. बाकी कायद्याचं मी बघतो.” आमदार थकलेले दिसत होते. फोन उलटा टेबलावर ठेवलेला, पण दर मिनिटाला सरळ करून बघायचे. अध्यक्षांनी गोड कन्नडमध्ये सगळं मांडलं, म्हाताऱ्यांची सुरक्षा, चालकांची तळमळ, सूट देणारा तो छोटासा तुकडा. मग माझ्याकडे हात केला.

मी हरवल्याचं सांगितलं. चपला, इमारत, सुकलेले ओठ. आमदार मान डोलवत होते. तिथेच थांबायचं होतं. पण मी पुढे म्हटलं, “आता ते हरवत नाहीत. सकाळी त्यांना खुर्चीला बांधून ठेवतात.”

अध्यक्ष खाकरले. “मॅडम जरा भावनेच्या भरात—”

आमदारांनी पहिल्यांदाच वर बघितलं. “कुठल्या केंद्रात, अम्मा?”

केंद्राचं नाव घ्यायचं की नाही, हे मी ठरवलंच नव्हतं. घेतलं तर केंद्र बंद होईल, मग अप्पांना कुठे न्यायचं? नाही घेतलं तर मी इथे कशाला आले?

“माझ्या,” अक्का म्हणाल्या.

मग अक्का बोलत सुटल्या. म्हणाल्या, ही सूट दिलीत तर आम्ही सगळेच बांधू, कारण ते सोपं आहे. सूट नको. किती म्हाताऱ्यांमागे किती माणसं हवीत ते कायद्यात लिहा. त्या माणसांना शिकवायची सोय सरकारने करावी, म्हणजे लहान केंद्रांना माणसं मिळतील. ते होईपर्यंत थोडी मुदत द्या, तेवढंच मागते.

“हे संघटनेचं म्हणणं नाही,” अध्यक्ष घाईने म्हणाले. त्यांचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता.

आमदारांनी मला विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

“भेटीची वेळ नको,” मी म्हटलं. “दार आतल्यांसाठी बंद असलं तर मी समजू शकते. आमच्यासाठी ते कधीही उघडं हवं. न सांगता गेलो तरी.”

त्यांनी सहायकाला लिहून घ्यायला सांगितलं. त्याने खरंच लिहिलं की नुसतं पेन हलवलं, ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं.

बाहेर आलो तर अध्यक्षांची गाडी निघून गेली होती. आम्ही दोघी बसने परतलो. वाटेत मी विचारलं, “तुम्ही का सांगितलंत?”

“तुम्ही सांगणारच होता.”

“मी नाव घेणार नव्हते. बहुतेक.”

“ते मला कुठे माहीत?” अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

म्हणजे त्यांनी खरं बोलायचं म्हणून सांगितलं, की माझ्या तोंडून निघण्याआधी आपणच कबूल केलेलं बरं, असा हिशेब केला? मी त्यांना अनेकदा न्याहाळलं आहे. अजून सांगता येत नाही.

पुढे मसुद्याची नवी प्रत आली. सूट गेली नव्हती, शब्द बदलले होते, आता डॉक्टरांचा लेखी सल्ला लागणार होता. घरच्यांना कधीही भेटू द्यावं असंही आलं होतं, पण मागे ‘वाजवी वेळेत’ हे दोन शब्द चिकटले होते. वाजवी म्हणजे काय, हे ठरवणार कोण? माणसं किती हवीत यावर अवाक्षर नव्हतं.

अक्कांना संघटनेतून काढलं. महिन्याभरात त्यांच्या केंद्रावर सरकारी तपासणी आली. माझा संशय अध्यक्षांवर. अक्कांचा कुणावर होता ते मला त्यांच्या नजरेत दिसलं, म्हणून मी स्वतःहून म्हटलं, “तक्रार मी केलेली नाही.” त्या फक्त “सरी” म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. त्या एका शब्दात विश्वास किती आणि अविश्वास किती, ते मला मोजता आलं नाही. केंद्र बंद झालं नाही. ताकीद मिळाली, एक मुलगी नव्याने कामाला लागली.

कारखान्यात दुसरी पाळी असते तेव्हा सकाळी मी जाते आणि अप्पांना अंघोळ घालते. कधी त्यांच्या शेजारच्या आजोबांनाही. मी असते तेव्हा कुणी बांधलेलं नसतं. मी नसते तेव्हाचं मला माहीत नाही. अक्का म्हणतात, आता नाही बांधत. मी मान हलवते आणि अप्पांचे हात पुसताना मनगटं जरा जास्त वेळ धरते.

परवा अक्कांचा फोन आला. मसुद्याच्या समितीने बोलावलं होतं, या वेळी संघटनेला वगळून, लहान केंद्रवाल्यांना.

“काय बोलू मी?” मी विचारलं.

“जे बघितलंत ते.”

“मग आधी सकाळी केंद्रावर येते. अप्पांना बघते, मग तिथूनच निघू.”

पलीकडे मागे कुणीतरी म्हातारी अंघोळीला नको म्हणत होती, बादलीचा आवाज येत होता.

“या,” अक्का म्हणाल्या. “वेळ सांगू नका. कधीही या.”