मास्टरांचा आयरिश सदरा

इथे आखातात, अल कुसैसला आमच्या बिल्डिंगखाली त्यांचं शिलाईचं दुकान आहे. सगळे त्यांना मास्टर म्हणतात. माणूस रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा आणि सदा अस्वस्थ. एक माप घेईपर्यंत दोनदा दारापाशी जाऊन येतात. "तसं नाय ओ" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही.

यंदा आयर्लंडच्या एका शिक्षिकाबाईंनी शाळेच्या कार्यक्रमासाठी तिकडचा मध्ययुगीन सदरा त्यांच्याकडे शिवायला दिला. लिननचा, केशरी, घोळदार बाह्यांचा. तेव्हापासून मास्टर मला जिन्यात गाठून मोबाइलवरचे इंग्रजी लेख वाचायला लावत. "ताई, बाही कोपराखाली एवढी सैल का सोडलीय, ते लिहिलंय का बघा."

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मी दुकानात गेले, तर ते तयार सदऱ्याच्या बाह्या उसवत बसले होते.

"अहो, छान झाला होता की."

"तसं नाय ओ. त्या काळात मशीन कुठं होती? हातशिलाईच पायजे."

इतक्यात बाई आल्या. उसवलेला सदरा पाहून आधी घाबरल्याच. मी कारण सांगितल्यावर मात्र त्या स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी सुई मागितली. एक बाही त्यांनी घेतली, दुसरी मास्टरांनी.

थोड्या वेळाने बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. मास्टरांनी त्यांची बाही उचलली, वाकडे टाके भराभर उसवले आणि तिथे स्वतःचे घातले.

माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्यांना सांगू नका. मनापासून घालत होत्या."