आधी मुद्दा, मग पेन

दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. क्लासच्या दाराशी चपला साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि परीक्षा जवळ आली की जास्तच.

माझा क्लास कोथरूडला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. नियम एकच. निबंधाचा विषय मिळाला की सगळ्यांची पेनं स्टीलच्या डब्यात. तीन मुद्दे, स्वतःचे, तोंडाने सांगायचे. मग पेन परत. "मॅडम, हा टोलनाका आहे," असं एकदा ओम म्हणाला. त्याच्याकडून मी चौथा मुद्दाही वसूल केला.

*

या ओमकडे कुठल्याही विषयाला एकच साचा असायचा: प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप. मोबाइल, टीव्ही, प्लॅस्टिक, सगळीकडे खपून गेला. मग मी विषय दिला, 'माझे आजोबा'. ओमने शांतपणे आजोबांचे फायदे सांगितले आणि मग तोट्यांवर आला. रिमोट देत नाहीत. मित्रांसमोर पाढे विचारतात.

आजोबा त्याला न्यायला आले होते आणि दारात उभे राहून सगळं ऐकत होते.

"दोनच तोटे? अभ्यास कमी पडतोय," एवढंच म्हणाले आणि स्कूटर काढायला गेले.

*

हसण्यावारी नेता येत नव्हती ती सानिका. व्याकरण चोख, अक्षर सुंदर. पण निबंध म्हटलं की चेहरा उतरायचा. डब्याकडे बघत नुसती बसून राहायची. कारण घरी मुद्दे आई काढायच्या, थेट चौथीपासून. बोर्डाच्या हॉलमध्ये ही पोरगी कोऱ्या कागदासमोर अशीच बसली तर? 

मी तिच्या आईंना फोन केला. "अहो, तिचं तिला सुचू द्या."

"हो, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "मलाही तीच काळजी आहे. हॉलमध्ये मी नसणार."

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. "मॅडम, 'माझा आवडता छंद'ची तयारी करतोय. तिला छंद नाहीये. कुठला घ्यावा?"

*

मग मी ठरवलं, मुलांना घराबाहेर काढायचं. विषय दिला, 'बाजारातला एक तास'. रविवारी मंडईत जा, डोळे उघडे ठेवा, सोमवारी मुद्दे सांगा.

रविवारी दुपारीच सानिकाच्या आईंचा फोन. आवाजात दमणूक होती.

"मॅडम, मंडई झाली. पार्किंग कुठेच मिळेना, म्हणून सानिकाला गाडीपाशी उभं केलं आणि मी आत जाऊन मुद्दे घेऊन आले."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. सोमवारी सानिकाने आईचे आठ मुद्दे धडाधडा म्हणून दाखवले. मी विचारलं, "आणि तू काय पाहिलंस?" ती म्हणाली, "मी गाडी पाहिली, मॅडम." वर्ग हसला. ती नाही हसली, आणि मला भयंकर वाईट वाटलं.

*

पूर्वपरीक्षेत सानिकाने निबंध कोरा सोडला. बोर्डाआधीच्या शेवटच्या तासाला आई स्वतः आल्या. "मी मागे बसते. काही बोलणार नाही."

मी विषय दिला, 'परीक्षा नसत्या तर...'. पेनं डब्यात गेली. बाकीच्यांचे मुद्दे भराभर झाले. सानिकाची पाळी आली. मागे आईंचे ओठ हलत होते. शिक्षणपद्धती, ताणतणाव, सर्वांगीण विकास. मी त्यांच्या आणि सानिकाच्या मधे जाऊन उभी राहिले. 

"कसाही असू दे," मी म्हणाले. "पण तुझा."

सानिकाने डब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली,

"परीक्षा नसत्या तर आई माझ्याशी काय बोलली असती?"

 मी मागे वळून पाहिलं. आईंचे ओठ थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मॅडम, याच्या पुढचा मुद्दा काय येतो?"