ताकभाताची पाच मिनिटे

जूनचा पहिला सोमवार. हॉटेलची दुपारची रांग कमी करणाऱ्या अ‍ॅपचा करार. रक्कम ऐंशी हजार रुपये, निम्मी आगाऊ, निम्मी काम पुरे झाल्यावर. टेबलाशी चौघे होतो: हॉटेलच्या मालकीण कमलाम्मा, त्यांचे धाकटे भाऊ आणि मॅनेजर मुरुगेसन, माझा पार्टनर आरोक्यम आणि मी. जेवणाचा हॉल नुकताच रिकामा झाला होता आणि मुरुगेसन एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते.

"रांगेतलं थांबणं पंधरा मिनिटांच्या आत आणा, राव सार. नाही आलं तर बाकीचे चाळीस हजार विसरा."

"लिहा तसं," मी म्हणालो.

त्यांनी लिहिले. कमलाम्मांनी सही केली आणि पेन खाली ठेवताना म्हणाल्या, "ऑगस्टपर्यंत बघते. तरीही लोक रांग बघून परत गेले, तर दुपारचं जेवण बंद. मग फक्त टिफिन."

टिफिन म्हणजे इडली, दोसा, पोंगल. पटकन होते, पटकन संपते, नफा चांगला. दुपारचे जेवण म्हणजे केळीच्या पानावरचे मील्स, आणि त्याला माणसे लागतात. कमलाम्मांच्या वडिलांनी हॉटेल काढले ते मील्ससाठीच. वाढपी आणि स्वयंपाकी मिळून नऊ जण त्या एका जेवणावर होते. मुरुगेसन यांना दोन वर्षांपासून मील्स बंद करायचे होते. कमलाम्मांना नव्हते. आमचे अ‍ॅप त्या दोघांच्या मधे येऊन बसले होते.

माझे काम थोडक्यात सांगतो. आरोक्यम कोड लिहितो. अ‍ॅप कोणासाठी, कसे दिसावे आणि खरोखर उपयोगी पडते का, हे मी बघतो. चेन्नईत आम्ही दोघांनी वीस वर्षे एकाच कंपनीत हेच केले. आता तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत करतो.

पहिला आठवडा आम्ही काहीच बनवले नाही. फक्त मोजले. याला बेसलाइन म्हणतात: औषध देण्याआधी ताप किती आहे ते बघणे. साडेबारा ते दोन या वेळात माणूस दारात आल्यापासून पानावर बसेपर्यंत सरासरी सत्तावीस मिनिटे लागत होती. रांग बघून परत जाणारे तासाला तीसेक. त्यात ओरत्तनाडूहून सरकारी कामाला आलेले लोक जास्त. त्यांना परतीची बस गाठायची असते.

आरोक्यमने आधीच्या एका कामातला तयार आराखडा आणला होता. त्यात टेबल हे एकक होते. टेबलावर माणूस बसला की टेबल भरले. पहिल्याच दिवशी तो आराखडा बाजूला ठेवावा लागला. आमच्याकडे अशा हॉटेलात टेबल मिळत नाही, पान मिळते. चार पानांच्या टेबलावर चार अनोळखी माणसे बसतात आणि एकमेकांना मिठाचे भांडे सरकवतात. म्हणून आम्ही पाने मोजायला लागलो. हॉलमध्ये चाळीस पाने.

आता प्रश्न होता, कुठले पान कधी रिकामे होणार हे अ‍ॅपला कळावे कसे? माणूस किती जेवेल ते सांगता येत नाही. पण जेवणाला क्रम असतो. आधी सांबार, मग रसम, शेवटी मोर, म्हणजे ताक. ताकभात झाला की पान आपल्याकडे दुमडायचे आणि उठायचे. मी चार दिवस घड्याळ घेऊन बसलो. ताक वाढल्यापासून उठेपर्यंत जवळजवळ प्रत्येकाला पाच मिनिटे लागत होती. वकील असो की ड्रायव्हर.

मला फार आनंद झाला. आरोक्यमला म्हणालो, "ताक हाच सिग्नल."

"वीस वर्षांत तुझी पहिली चांगली आयडिया," तो म्हणाला.

हॉलच्या सुपरवायझरला एक टॅब दिला. त्यावर चाळीस चौकोन. ताक वाढले की त्याने त्या पानाच्या चौकोनावर बोट ठेवायचे, पान उचलले की पुन्हा एकदा. बाहेर थांबलेल्याने दारावरचा कोड स्कॅन करून टोकन घ्यायचे. पाळी जवळ आली की त्याच्या फोनवर पानाचा क्रमांक दिसायचा, आणि त्या पानावर ताक वाढले की वेळही: पान क्रमांक चौदा, पाच मिनिटे.

जुलैच्या सुरुवातीला खऱ्या गिऱ्हाइकांवर चाचणी सुरू केली. पहिल्या आठवड्यात सरासरी एकोणीसवर आली, दुसऱ्या आठवड्यात चौदावर. मुरुगेसन गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी आरोक्यमचा हात हातात घेतला.

"चौदा! आता तुम्ही बिल द्या सार."

आरोक्यम बिल बनवायलाच निघाला होता. मी म्हणालो, एक दिवस थांब. मला चौदाचा हिशेब लागत नव्हता. पाने तेवढीच, वाढपी तेवढेच. रिकामे पान लगेच भरले तर आठ-नऊ मिनिटे वाचतील, अठरापर्यंत येईल. उरलेली चार कुठून आली? फुकट मिळालेल्या आकड्याची मला भीती वाटते.

तेवढ्यात कमलाम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांचा विषय वेगळा होता.

"राव सार, आता मशीन आहे ना तुमच्याकडे, मग सांगा. रोज दोन बादल्या ताक उरतंय. जेवणारे वाढलेत आणि ताक उरतंय. हे कसं?"

"आडी महिना आहे अक्का, आषाढात थंड कोण पितो," मुरुगेसन म्हणाले.

"तंजावुरात जुलैमध्ये थंडी पडली का रे? कोणी सांगितलं नाही मला."

मी घरी जाऊन टॅबची नोंद उघडली. सुपरवायझर दोनदा बोट ठेवत होता, एकदा ताकाला, एकदा पान उचलताना. दहातल्या तीन पानांना ताकाची खूणच नव्हती. पान सरळ उचलले गेले होते. पहिल्या आठवड्यात असे पान क्वचित एखादे.

दुसऱ्या दिवशी मी टोकन घेऊन जेवायला बसलो. शेजारी योगायोगाने वासुदेवमामा होते. लांबचे नातेवाईक, तिरुवैयारुला व्हायोलिन शिकवतात, आठवड्यातून दोनदा तंजावुरात शिकवणीला येतात आणि येथेच जेवतात. त्यांचा रसमभात संपत आला होता. त्यांच्या खुर्चीमागे एक तरुण येऊन उभा राहिला. त्याने फोन बघितला, पानाचा क्रमांक बघितला, पुन्हा फोन बघितला. वाढपी ताकाची बादली घेऊन दोन टेबले पलीकडे होता. मामांनी पान दुमडले.

"मामा, ताक?"

"राहूं दे रे."

"का?"

ते आमच्या तंजावुरी घरांतल्या मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "मागें कोण्ही तरी उभा असतो. मी कधीं उठणार तें त्याला ठाऊक, मला ठाऊक नाहीं. असा कसा घास उतरेल? पूर्वींही उभे राहत, नाहीं असें नाहीं. पण तेव्हां तो माझ्यासाठीं उभा आहे की शेजारच्यासाठीं, कळत नव्हतें. बरें असायचें तें."

ते हात धुवायला गेले. तरुण बसला. मग माझ्या मागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मला सगळे माहीत होते, स्क्रीन मीच आखली होती, तरीही मी भराभर जेवलो.

चौदाचा हिशेब लागला. चार मिनिटे अ‍ॅपने वाचवली नव्हती. ती जेवणाऱ्यांनी ताकभात सोडून दिली होती. आमच्याकडे ताकभाताशिवाय पानावरून उठणे म्हणजे जेवण झाले असे कोणी म्हणत नाही. माणूस घरी जाऊन ते बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी दुसरीकडे जेवतो.

आरोक्यमला सांगितले. त्याने करार उघडला.

"करारात पंधरा लिहिलंय. ताक लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं."

"चाळीस हजार, राव."

"मोजलं आपण. जे मोजलं ते सांगायला नको?"

"तुझ्याबरोबर धंदा करणं म्हणजे," तो म्हणाला, आणि त्याने बाइकची किल्ली उचलली.

कमलाम्मांनी सगळे ऐकून घेतले. मुरुगेसन मधेच म्हणाले, "आकडा कमी झाला ना? मग कशाला ढवळता? ताक कमी करू, खर्चही वाचेल."

कमलाम्मा त्यांच्याकडे वळल्या. "माझ्या पानावरून लोक अर्धपोटी उठतायत आणि तू खर्च वाचवतोस?" मग मला म्हणाल्या, "काढा ते. आजच काढा."

"काढलं तर पंधराच्या वर जाईल, अम्मा."

"किती?"

"सतरा, अठरा."

"आणि परत जाणारे?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. मोजावं लागेल."

काढायला आरोक्यमला एक संध्याकाळ लागली. पानाचा क्रमांक स्क्रीनवरून गेला. बाहेरच्याला फक्त एवढेच दिसू लागले: तुमची पाळी साधारण अठरा मिनिटांनी. पान उचलून, टेबल पुसून, नवे पान मांडल्यावरच फोन वाजणार आणि मगच आत यायचे. ताकाची खूण राहिली, पण ती फक्त अंदाज बांधायला. ती कोणाला दाखवायची नाही. हॉलमध्ये उभे राहायला बंदी केली नाही. उभे राहायचे कारणच उरले नाही.

पहिले दोन दिवस लोकांनी कुरकुर केली. "कुठलं पान ते सांगा ना, आधी सांगत होता की." सुपरवायझर म्हणायचा, "मशीन लाजतंय."

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा त्याच टेबलाशी बसलो. मी दोन आकडे ठेवले. सरासरी थांबणे अठरा मिनिटे. परत जाणारे तासाला आठ-नऊ. याचे कारण आम्ही दाराशी विचारून घेतले होते. अठरा मिनिटे असे एकदा कळले की माणूस रांगेत उभा राहत नाही. बाजारात जातो, झेरॉक्स काढतो, बसची वेळ विचारून येतो. ताटकळत उभे राहण्याचाच कंटाळा जास्त होता. हे आम्ही आखले नव्हते, आमच्या पदरात पडले.

"ताक?" कमलाम्मांनी विचारले.

"ते तुम्हीच सांगा."

"उरत नाही." त्या भावाकडे वळल्या. "मील्स चालू राहतील. पुन्हा विषय काढायचा नाही."

मुरुगेसन यांनी विषय काढला नाही. पण करार काढला. "पंधरा लिहिलंय, अक्का. हे अठरा आहेत. बाकी द्यायची नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. आरोक्यमने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

कमलाम्मांनी विचारले, "रोजच्या दोन बादल्या किती दिवस ओतल्या आपण?"

"अकरा," मुरुगेसन म्हणाले.

"बादलीला किती धरायचे?"

"एकशेवीस," ते म्हणाले. हिशेब आला की ते लगेच खुलतात. "दोन हजार सहाशे चाळीस होतात."

"यांच्या चाळीस हजारांतून तेवढे कापून बाकीचे दे."

त्यांनी दिले, नाइलाजाने आणि दोनदा मोजून. त्यानंतर कुठल्याही कामात वेळ वाचला असे दिसले की मी आधी शोधतो, तो कोणाचा गेला. आरोक्यमच्या मते ही सवय आम्हाला महागात पडते.

चेक आमच्या फर्मच्या नावाने होता. सदतीस हजार तीनशे साठ रुपये.